आम्ही फक्त हजर होतो

यंदाही रमजान भर उन्हाळ्यात आलाय. दुपारी तीनच्या सुमारास घर इतकं गप्प असतं, की माठाखालच्या ताटलीत पडणारा थेंबही ऐकू येतो. फुफू, म्हणजे माझी आत्या, ओसरीवर आडवी होते, डोळ्यांवर पदर घेते, आणि झोपली असं आपल्याला वाटत असतानाच मधूनच विचारते, "किती वाजले गो?" खिडकीतून खाडीकडची उरलीसुरली मिठागरं दिसतात. या दिवसांत त्यांच्याकडे सरळ बघवत नाही. वाफ्यांतलं पाणी आटलेलं असतं, बाया लाकडी फळ्यांनी मीठ ओढून कडेला आणत असतात, आणि त्या ढिगांवरून ऊन उलटून थेट डोळ्यांत शिरतं.

राग माझ्या स्वभावातला नाही. शाळेत मिस म्हणायच्या, या मुलीचा आवाज पहिल्या बाकाच्या पुढे जात नाही. मी बोलण्यापेक्षा बघते, आणि बघितलेलंही सहसा कुणाला सांगत नाही. पण घशातली कोरड आणि मिठाची ही चकाकी एकत्र आली, की तीन वर्षांपूर्वीचा असाच रमजान आठवतो आणि कानशिलं तापतात. फुफूला वाटतं, मला रोजा लागतोय. मी तिला तसंच वाटू देते.

आमचं गाव घणसोलीहून खाली, खाडीच्या अंगाला. बरीचशी घरं आगऱ्यांची, एक आळी आमची, कोकणी मुसलमानांची. डोळे मिटून ऐकलंत तर कुणाचं घर कुठलं ते सांगता यायचं नाही. तेही 'पानी' म्हणतात, आम्हीही. बाबा जहाजावर असायचे, वर्षातून एकदा घरी. त्यांच्या हट्टापायी मी एसटीनं ठाण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये जाऊ लागले. सकाळी बोलीतून उठायचं, बसमध्ये हिंदी-मराठी ऐकायचं, शाळेत इंग्रजी, आणि संध्याकाळी मशिदीत अरबी अक्षरं. चार भाषांमधून रोज ये-जा करणाऱ्या मुलीनं जरा कमीच बोललं तर नवल काय?

मी लहान असतानाच नव्या शहरासाठी जमिनी गेल्या. भाताची खाचरं गेली, मिठागरं एकेक करून गेली. कोपरखैरण्याला चाळींसारख्या एकसारख्या इमारती उठल्या, तिकडे महाप्याला कारखान्यांची धुरांडी. मोठी माणसं मोर्च्यांना जायची आणि धुळीनं माखून परत यायची. या सगळ्यातून एक तुकडा राहून गेला होता. मिठागराच्या बांधाला लागून असलेलं आमचं कब्रस्तान.

तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. आमच्यात कबर पक्की बांधत नाहीत. मातीचा उंचवटा करतात, उशाशी एखादा दगड ठेवतात आणि सब्जा लावतात. दोन-चार पावसाळ्यांत उंचवटा बसतो, दगड मातीत जातो, सब्जा वाटेल तिथे पसरतो. नाव कुठेच लिहिलेलं नसतं. कोण कुठे आहे हे माणसांना माहीत असतं, आणि ते पुरेसं असतं. बाया आत जात नाहीत. मीही कधी गेले नव्हते. कुंपणाच्या निवडुंगापाशी उभी राहून मी आत बघायची. वारा खाडीकडून आला की सब्ज्याचा वास यायचा. तोच वास फुफूच्या परसातही यायचा, इफ्तारच्या सरबतासाठी ती सब्ज्याचं बी झाडायची तेव्हा. दोन्ही वास एकच आहेत हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

माझी आई त्या निवडुंगापलीकडे आहे. मी नऊ वर्षांची असताना ती गेली, भादव्यातल्या पावसात. आमच्या कब्रस्तानाची एक रीत आहे, ती दुसरीकडे कुठे मी ऐकलेली नाही. तिथे भरतीच्या वेळी कुणाला पुरत नाहीत. खाडी भरली की जमिनीच्या पोटातून पाणी वर येतं आणि खणलेला खड्डा भरतो. म्हणून मय्यत तयार ठेवायची आणि ओहोटीची वाट बघायची. ओहोटी कधी लागणार हे पांडूकाका सांगायचे. पांडूकाका आगरी, मिठागरावर मुकादम, दर पावसाळ्यानंतर तो बांध दुरुस्त करणारे. त्या दिवशी ते आमच्या ओट्यावर भिजत बसून होते, आणि आत माझी आई पांढऱ्या कपड्यात. बऱ्याच वेळानं ते उठले, खाडीकडे बघून आले आणि माझ्या चाचांना म्हणाले, "चला आता. पानी उतारलंय." कोरडी माती त्यांनीच बांधाच्या वरच्या अंगावरून पाट्या भरभरून आणली होती. ती आईच्या अंगावर पडली, चिखल नाही. एवढं मला फुफूनं नंतर सांगितलं, आणि त्याचा मला फार आधार वाटत आलाय.

तर तीन वर्षांपूर्वीचा तो रमजान. मी बीएची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत घरी होते. एक दिवस चाचा, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ आणि आमच्या जमातीचे त्या वर्षीचे कारभारी, हातात एक सरकारी लखोटा घेऊन आले. कागद उर्दूत होता. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. आमच्या आळीत कुराण सगळे वाचतात, पण उर्दू कागदाचा अर्थ लावणारं कुणी नव्हतं. चाचांनी मराठी सातवीपर्यंत शिकून पुढे ग्रामपंचायतीत मराठीतच अर्ज लिहिलेले. शेवटी ते सायकल काढून महाप्याला गेले आणि मेहबूबभाईंकडून कागद वाचून घेऊन आले. मेहबूबभाई तिथल्या एका कारखान्यात फोरमन, मूळचे गोरखपूरकडचे. कागदात होतं की नव्या शहराच्या कार्यालयानं मुस्लिम समाजाशी सुसंवाद साधायचं ठरवलंय, समाजाच्या प्रतिनिधींनी वाशीला यावं, जमल्यास एखादी शिकलेली व्यक्ती सोबत आणावी.

"म्हनजे तू," चाचा मला म्हणाले.

फुफूनं मला तिची आकाशी ओढणी दिली. पांडूकाकाही निघाले. सर्व्हेवाल्यांना कब्रस्तानापाशी खुंट्या मारताना त्यांनी पाहिलं होतं, आणि बांधाबद्दल त्यांना तिथल्या साहेबांशी बोलायचं होतं. वाशीला हॉलच्या दाराशी शिपायानं पांडूकाकांचं नाव विचारलं, आणि नाव ऐकून हात आडवा धरला. "काका, आज मुस्लिम लोकांची मीटिंग आहे. तुमची वेगळी होईल."

"आरं पन जागा तीच हाय ना," पांडूकाका म्हणाले.

"वेगळी होईल," शिपाई पुन्हा म्हणाला. तोही नोकरीच करत होता. पांडूकाका जिन्यात बसले. त्या कब्रस्तानाबद्दल ज्याला सर्वांत जास्त माहिती होती तो माणूस दोन तास जिन्यात बसून होता, आणि आत त्याच जागेबद्दल सुसंवाद चालला होता.

आत टेबलांवर पांढऱ्या चादरी, चहाच्या किटल्या आणि ताटांत गरम बटाटेवडे. दुपारचे साडेतीन. सगळ्यांनी ताटांकडे बघितलं आणि मग एकमेकांकडे. तिथे आलेले मेहबूबभाई हळूच म्हणाले, "साब, रोजा है." साहेब क्षणभर गोंधळले, मग हसून शिपायाला म्हणाले, "अरे, मग पार्सल करून दे सगळ्यांना. संध्याकाळी खातील." साहेब वाईट नव्हते. मी त्यांना नीट पाहिलं. कपाळावर घाम, समोर तयारी केलेले कागद. ते आपले मराठीच, पण आमच्यासाठी त्यांनी उर्दू पाठ केलं होतं. चाचा आत आले तेव्हा ते उठून "तशरीफ रखिए" म्हणाले.

"बसतो की साहेब," चाचा म्हणाले. "कागद मराठीत धाडला असता तं मना महाप्याला जावा लागला नसता."

"अरे वा! तुम्ही मराठी किती छान बोलता!"

"तुमी पन बरी बोलता साहेब," चाचा म्हणाले.

मेहबूबभाईंनी तोंडावर रुमाल धरला. मला हसू आलं, पण त्याखाली काहीतरी टोचलं, ते अजून टोचतं. ज्याच्या सात पिढ्या या खाजणात भात लावत आल्या त्याला, कालपरवा वाशीत राहायला आलेला माणूस, मराठीबद्दल शाबासकी देतो. आणि त्यात काही चुकलं असं त्याच्या स्वप्नातही येत नाही.

हॉलमध्ये आम्ही आठजण असू. सोनेरी काठाच्या टोपीतले एक बोहरी व्यापारी, वाशीत त्यांचं हार्डवेअरचं दुकान. कोपरखैरण्याचे एक मलबारी हॉटेलवाले. मुंबईहून आलेले एक पुढारी, त्यांना सगळ्यांच्या वतीनं बोलायची सवय होती. मेहबूबभाई आणि त्यांच्या कारखान्यातले दोघे. आणि आम्ही. साहेबांच्या कागदावर आम्हा सगळ्यांचं एकच नाव होतं, समाज. प्रत्यक्षात आमच्यातले बहुतेकजण एकमेकांना त्याच दिवशी पहिल्यांदा भेटत होते. हॉटेलवाल्यांना परवान्याचं बोलायचं होतं. कब्रस्तानाचं निघालं तसं बोहरी शेठ नम्रपणे म्हणाले की त्यांचं कब्रस्तान वेगळंच असतं, तेव्हा या विषयात त्यांनी काय बोलावं? मेहबूबभाईंचं म्हणणं खरंच गंभीर होतं. त्यांच्या खोलीतला एक जोडीदार मशीनवर अपघातात गेला, तेव्हा त्याला टेम्पोत घालून मुंबईपर्यंत न्यावं लागलं होतं, कारण इथे त्याला पुरायला जागाच नव्हती. ते सांगताना त्यांचा आवाज फाटला. चाचा उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "मना सांगायचा होता भाई. आमच्यात आनला असता."

मला वाटतं, त्या दुपारी जो काही संवाद झाला, तो एवढाच.

कारण साहेबांनी घड्याळ बघून म्हटलं, "असं प्रत्येकाचं वेगवेगळं नको. समाजाची एक मागणी ठरवा. आणि बोलायला एकच जण." मुंबईचे पुढारी लगेच उभे राहिले आणि म्हणाले, समाजाला कब्रस्तान पाहिजे. साहेबांचा चेहरा उजळला. महाप्याच्या डोंगराकडे एक मोठी जागा आधीच काढून ठेवली होती, सर्वांसाठी. टाळ्या झाल्या. चाचा म्हणाले, "यांना द्या साहेब, यांना पायजेच. आमचा आमाला हाय." कुणी ते लिहून घेतलं का, ते मी पाहिलं नाही. मी तेव्हा दुसऱ्याच कामात होते.

ते काम सांगायचं तर अजून जीभ अडखळते. दाराजवळच्या टेबलावर इंग्रजीत रकाने पाडलेला एक कागद होता, हजेरीचा. नाव, गाव, सही. बऱ्याच जणांना तो भरता येईना. साहेब मला म्हणाले, "तू कॉन्व्हेंटची ना? लिही बरं सगळ्यांची नावं." मी लिहिली. सावकाश, शाळेत शिकवलेल्या वळणदार अक्षरात. आणि ज्याच्या त्याच्या पुढे बोट ठेवून सांगत गेले, इथे सही करा. "काय सुंदर अक्षर आहे!" साहेब म्हणाले. मला आनंद झाला. परतीच्या बसमध्ये तो माझ्याजवळ होता, मांडीवरच्या वड्यांच्या पुडक्यासारखा गरम. पांडूकाकांनी विचारलं, "बांदाचा बोलला का कोन?" चाचांनी नकारार्थी मान हलवली.

पंधरवड्यानं इंग्रजीत टाइप केलेला कागद आला. या वेळी चाचांना सायकल काढावी लागली नाही. तो मीच वाचला, ओसरीवर उभ्यानं. त्यात होतं की समाजानं नव्या कब्रस्तानाचं स्वागत केलं, आणि त्याबदल्यात खाडीलगतच्या जुन्या जागेतून रस्ता नेण्यास संमती दिली. संमती देणाऱ्यांच्या सह्या सोबत जोडल्या आहेत. मी पान उलटलं. मागे माझं अक्षर होतं.

वरचा मथळा कापलेला होता. हजेरी हा शब्द राहिला नव्हता, खाली नावं तेवढी होती. ज्यांचं आमच्या गावात कुणी पुरलेलं नाही, त्यांनी आमची माती देऊन टाकली होती. त्यांना ते माहीतही नव्हतं. आणि चाचांची सही त्यांच्यातच, माझ्या बोटानं दाखवलेल्या जागी. मी मराठीत करून सांगितलं तसे चाचा खाली बसले. ते मला रागावून बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही साहेबांकडे गेलो. चाचा म्हणाले, "आमी हा बोललो नवतो."

"मग सह्या का केल्या?"

"आलो म्हनून केल्या. तुमी बोलावला म्हनून आलो."

साहेबांनी नकाशा पसरला. आमचं कब्रस्तान त्यात हिरव्या पेन्सिलीनं रंगवलेलं, वर लिहिलेलं, पडीक. "हे बघा, सर्व्हेयरला तिथे एकही कबर दिसली नाही. झुडपं आहेत. असतील तर दाखवा ना, कुठे आहेत? कोण आहे कुठे?" ते चिडून बोलत नव्हते. त्यांना खरोखरच काही दिसलं नव्हतं. आम्ही मेलेल्यांवर दगडविटा रचत नाही, म्हणून आमचे मेलेलेच नाहीत. माझ्या ओठांवर इंग्रजी वाक्य आलं होतं, व्याकरणासकट पूर्ण. मी ते गिळलं. ते गिळलेलं वाक्य या दिवसांत रोज दुपारी वर येतं. मला सरकारचा राग येतो हे खरंच, पण त्या वाक्याचाही येतो.

साहेबांनी पुढच्या सोमवारी अकरा वाजता पुरुषमंडळींना बोलावलं, पुन्हा चर्चेसाठी. सोमवारी चाचा आणि आळीतले सगळे बाप्ये वाशीला गेले. साडेदहाला मुरुमाचे तीन डंपर बांधावर आले. हे ठरवून झालं की एका टेबलाला दुसऱ्या टेबलाचं माहीत नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही. कुठलंही खरं असलं तरी माझा राग कमी होत नाही.

मिठागरावरून पांडूकाका ओरडत आले. घरात मी आणि फुफू. फुफू तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, डोक्यावर पदर घेतला आणि निघाली. वाटेत ती दारादारांत नुसती थांबायची आणि म्हणायची, "चला गो." निवडुंगाच्या कुंपणापाशी आम्ही सगळ्या थबकलो. तिथून पुढे आमच्यातली कुणी कधी गेली नव्हती. फुफूनं चपला काढल्या. "अल्ला माफ करील," ती म्हणाली, "साहेबाला कबर दिसत नाय. मानूस तं दिसल." आणि ती आत शिरली.

ती सरळ चालत गेली आणि कोपऱ्यातल्या चाफ्याखाली थांबली, पायाखाली सब्जा तुडवला जाणार नाही अशी. मी विचारलं, इथे कोण? "माजी पोरगी," फुफू म्हणाली. "चार दिवसांची होती." फुफूला मूल झालं होतं, हे मला त्या सकाळी कळलं. कधीच आत न गेलेल्या त्या बाया एकेक करून अचूक आपापल्या माणसाच्या उशाशी जाऊन उभ्या राहिल्या, घरी बसून आयुष्यभर ऐकलेल्या खुणांवर. जिला सापडेना तिला पांडूकाका हात धरून नेत होते. मिठागरावरच्या आगरी बायाही आल्या, मिठानं फुटलेल्या पायांनी, आणि ज्यांचं मागे कुणी उरलं नव्हतं त्यांच्यापाशी उभ्या राहिल्या. मी मात्र मध्येच उभी होते. मला माझी जागा माहीत नव्हती. पांडूकाकांनी मला बांधाच्या अंगाला नेलं, जमिनीकडे बघत चार पावलं मोजली आणि थांबले. "बाय, तुजी आय हितं हाय."

ऊन वाढलं. तोंडात थुंकीही नव्हती. पुढच्या डंपरवाल्यानं खाली उतरून आमच्याकडे पाहिलं, मग परत चढून इंजिन बंद केलं, आणि मागच्यांनीही. ते बंद झाल्यावर खाडीचा आवाज आला.

तो रस्ता आज तिथून वळून जातो. कोपरखैरण्याच्या सोसायट्यांमधले लोक त्या वळणाला शिव्या देतात, इथे सरळ काढायला काय झालं होतं म्हणतात. चाफ्याचा कोपरा वाचला, बांधाची बाजू वाचली, पश्चिमेची एक पट्टी गेली. तिथे कोण होतं ते आम्ही तोंडपाठ करून ठेवलंय. मेहबूबभाईंना डोंगराकडची जागा मिळाली, आणि ते फार चांगलं झालं. कागद मात्र बदलला नाही. फायलीत अजून आम्ही संमती दिलेली आहे, आणि त्याखाली लिहिलंय की काही स्त्रियांनी गैरसमजातून अडथळा आणला.

गैरसमज! त्या सकाळी निरोप मिळून तासाभरानं साहेब वाशीची चर्चा सोडून जीपनं आले. कुंपणाशी थांबले, आणि पहिल्यांदाच त्यांना ती जागा दिसत असावी तसे बघत राहिले. एवढ्या अंतराअंतरावर उभ्या असलेल्या, न बोलणाऱ्या बाया. त्यांच्यामागे सर्व्हेयर, हातात तोच नकाशा. साहेबांनी घाम पुसला. या वेळी ते उर्दूत बोलले नाहीत.

"तुमच्यापैकी बोलणार कोण?" त्यांनी विचारलं. "कुणीतरी एकजण पुढे या."

कुणी हललं नाही. हलायचं तर जागा सोडावी लागली असती. फुफूनं माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज पहिल्या बाकाच्या पुढे जात नाही, आणि साहेब तर निवडुंगाच्या पलीकडे.

"एक नाही," मी म्हणाले. "सगळ्या बोलणार आहेत. पुढे कुणी येणार नाही, तुम्ही आत या. चपला तिथे काढा."

ते घुटमळले. मग त्यांनी खरंच बूट काढले. तापलेल्या मातीवर पाय पोळत ते माझ्यापाशी आले, त्यांच्यामागे सर्व्हेयरही, आणि मी त्याच्या हातातल्या पेन्सिलीकडे बोट दाखवलं.

"लिहा. ही माझी आई."